रबरी बोटीला इंजिन किती एचपीचे घ्यावे?

प्रश्न : आमचे गाव पंचगंगेच्या काठी, आंबेवाडी-चिखली भागात आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बोटीची वाट पाहण्यात फार वेळ गेला, म्हणून आमच्या तालमीने वर्गणी काढून ३.८ मीटर लांबीची, ॲल्युमिनियमच्या तळाची रबरी बोट घेतली आहे. आता इंजिन घ्यायचे आहे. कोकणातून जुने पंचवीस एचपीचे इंजिन स्वस्तात मिळते आहे, ते घ्यावे असे काहींचे मत आहे. काही जण पाच एचपी पुरे म्हणतात, तर तरुण पोरांना बॅटरीवरची मोटर हवी आहे. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा वाद वेगळाच. कृपया मार्गदर्शन करावे.
– तालमीचा एक कार्यकर्ता, ता. करवीर

उत्तर : आपल्या पत्रात बोटीची लांबी आहे, तळाचा प्रकार आहे, तालमीतल्या तिन्ही गटांची मते आहेत, फक्त बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर चिकटवलेल्या किंवा रिव्हेटने बसवलेल्या छोट्या पट्टीवर काय लिहिले आहे, तेवढे नाही. सगळा निर्णय तिथून सुरू होतो. त्या पट्टीवर बोटीत जास्तीत जास्त किती माणसे बसवावीत, एकूण किती किलो वजन चालेल, हवेचा दाब किती ठेवावा आणि किती शक्तीपर्यंतचे इंजिन लावता येईल, हे चार आकडे असतात. शक्ती बहुधा किलोवॉटमध्ये दिलेली असते. एक किलोवॉट म्हणजे सुमारे १.३४ एचपी, त्यामुळे पट्टीवर १५ किलोवॉट असेल तर वीस एचपीपर्यंतची परवानगी आहे असे समजावे. आपल्या लांबीच्या बोटींना ही मर्यादा साधारणपणे १५ ते २५ एचपीच्या दरम्यान असते. पट्टीच नसेल, तर विक्रेत्याकडून हे आकडे लेखी मागून घ्यावेत आणि तो टाळाटाळ करू लागला तर मोठ्या इंजिनाचा विचार तिथेच सोडून द्यावा.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची कारणे वाचताना आपल्याला वाद घालायला सोपे जाईल. पट्टीवरची मर्यादा परवानगी देत असेल, तर आपण १५ एचपीचे, शॉर्ट शाफ्टचे (म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणारा भाग आखूड असलेले), दोरीने सुरू होणारे आणि हातातल्या दांड्याने वळवता येणारे टू-स्ट्रोक इंजिन घ्यावे. शक्य असल्यास नवे घ्यावे. पंचवीसचे घेऊ नये, पाचचे घेऊ नये आणि बॅटरीवरची मोटर पुराच्या कामासाठी तर मुळीच घेऊ नये.

पाच एचपीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे हा आकडा लहान वाटत नाही. नदीवरची पाच एचपीची मोटर एकरभर ऊस भिजवते, मग ती एक बोट का ढकलणार नाही, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. बोट ढकलली जाईल, यात शंका नाही. पण पाणी कापत जाणाऱ्या, म्हणजे पाण्यावर न उचललेल्या बोटीच्या वेगाला तिच्या लांबीमुळेच एक मर्यादा पडते. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमूळाला १.३४ ने गुणले की हा वेग ताशी सागरी मैलांत मिळतो (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर). आपल्या बोटीचा साधारण साडेदहा फूट भाग पाण्याला टेकत असेल असे धरले, तर उत्तर ताशी आठ किलोमीटरच्या आसपास येते. पाच एचपीचे इंजिन भरलेल्या बोटीला एवढा वेग देईल आणि तिथेच अडेल. आता पुराच्या पाण्याला सेकंदाला दोन मीटरचा वेग असेल, तर तो ताशी सात किलोमीटरहून थोडा जास्त होतो. म्हणजे इंजिन पूर्ण ताकदीने चालवूनही बोट काठावरच्या झाडाच्या तुलनेत माणसाच्या चालीनेसुद्धा पुढे सरकणार नाही, आणि पाण्याचा वेग आणखी थोडा वाढला की तोंड वर करून उलटी वाहत जाईल.

बोट पाण्यावर उचलली जाऊन पळायला लागण्यासाठी एकूण वजनाच्या दर २५ किलोमागे एक एचपी, असा ढोबळ हिशेब धरतात. बोट, इंजिन, भरलेली टाकी, दोर, वल्ही असे मिळून सुमारे १५० किलो आणि दोन माणसांचे १४० किलो धरले तर २९० किलोंना बारा एचपी लागतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे विरळ हवेपायी इंजिनाची सुमारे पाच टक्के शक्ती कमी होते, ती वजा केली तरी १५ एचपीच्या इंजिनावर दोन कार्यकर्ते प्रवाहाविरुद्ध चांगल्या वेगाने जातात. परतताना मात्र बोटीत आणखी चार माणसे बसली की वजन ५७० किलोंपर्यंत जाते आणि पळण्याचा प्रश्नच उरत नाही. बोट पुन्हा आठ-दहा किलोमीटरच्या चालीवर येते. हे लक्षात ठेवून फेऱ्या आखाव्यात. जाताना प्रवाह कापावा आणि येताना जिथे पाणी संथ आहे अशा वाटेने, थोडी लांबची असली तरी, परत यावे. एका फेरीत सहा माणसे आणण्यापेक्षा तीन-तीनच्या दोन फेऱ्या कराव्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले, तेव्हाही बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती. पाणी चढत असताना काठावरच्या बायाबापड्यांना ‘तुम्ही पुढच्या फेरीला या’ असे सांगणे फार अवघड असते, म्हणून एका फेरीत किती माणसे घ्यायची तो आकडा आधीच ठरवून बोटीवर ठळक रंगवून ठेवावा.

मग वीस-पंचवीस एचपी घेतले तर भरलेली बोटही पळेल, असा प्रश्न आपल्याकडून येणार हे उघड आहे. हिशेबाने ते खरे आहे. पण इंजिनाचा भार रबरी बोटीच्या शेपटाकडे, एकाच फळीवर येतो. १५ एचपीचे टू-स्ट्रोक इंजिन सुमारे ३६ ते ४० किलोंचे असते, पंचवीसचे ५० किलोंच्या आसपास जाते आणि त्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक त्याहूनही जड असते. त्यात ते चालवणारा माणूस मागेच बसतो आणि पेट्रोलची टाकीही बहुधा त्याच्या पायाशी असते. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. पुढे कोणी बसलेले नसताना एकदम रेस वाढवली की बोटीचे तोंड आकाशाकडे उठते, खालून वारा शिरतो आणि चालवणारा मागच्या मागे पाण्यात पडू शकतो. शिवाय रबरी बोटीत हवा थोडी जरी कमी असली तरी मागची फळी इंजिनाच्या जोराने आतबाहेर हलते आणि काही दिवसांत तिचा चिकटवलेला जोड सुटायला लागतो. दुपारच्या उन्हात टणक वाटणारी बोट नदीच्या गार पाण्यात उतरवली की आतली हवा आकसते आणि ती सैल पडते. म्हणून पाण्यात उतरवून पाच मिनिटे थांबावे, दाब पुन्हा मोजावा आणि मगच इंजिनाला हात लावावा.

वजनाचा दुसरा मुद्दा अगदी घरगुती आहे. पूर येतो तेव्हा बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावाच्या कडेला आणायची, चिखलातून उचलून पाण्यात घालायची आणि मग गुडघाभर पाण्यात उभे राहून इंजिन फळीवर चढवायचे, असा क्रम असतो. तालमीतली पोरे अंगापिंडाने मजबूत असतील, पण निसरड्या चिखलात, रात्री, पावसात ५० किलोंचे इंजिन तोल सांभाळून फळीवर बसवणे आणि दोन्ही स्क्रू समसमान आवळणे ही वेगळी गोष्ट आहे. दोघांना विनासायास उचलता येईल तेवढेच इंजिन घ्यावे. आणि ते कसेही बसवले तरी त्याला एक मजबूत दोर किंवा साखळी बांधून बोटीच्या कडीला अडकवावी, कारण आवळलेले स्क्रू कंपनाने ढिले होतात आणि पंचगंगेच्या तळातून इंजिन परत मिळत नाही.

बॅटरीच्या मोटरीबद्दल थोडक्यात सांगतो. बाजारात मिळणाऱ्या बारा व्होल्टच्या मोटरींवर ‘५५ पौंड थ्रस्ट’ (म्हणजे ढकलण्याचा जोर) असे काहीतरी लिहिलेले असते. पूर्ण वेगाला ती सुमारे ५० अँपिअर, म्हणजे ६०० वॉट घेते, आणि एक एचपी म्हणजे ७४६ वॉट असल्यामुळे ती एक एचपीसुद्धा भरत नाही. शंभर अँपिअर-तासांची साधी बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी केली की लवकर खराब होते, त्यामुळे तासाभराचे कामच तिच्यातून मिळते. पुरात वीज गेलेली असते. मग ती पुन्हा चार्ज कुठे करणार? संथ तळ्यात गळ टाकून बसणाऱ्याला ही मोटर उत्तम आहे. आवाज नाही, धूर नाही, पाण्यात तेल नाही. आपले काम ते नव्हे.

टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक यांच्यात मात्र खरोखर विचार करण्यासारखे आहे, आणि मी टू-स्ट्रोक सुचवतो ते फोर-स्ट्रोक वाईट असते म्हणून नव्हे. फोर-स्ट्रोक इंजिन पेट्रोल कमी खाते, धूर कमी करते, मंद वेगाला सुरळीत चालते आणि आवाज इतका कमी करते की अडकलेल्या माणसाची हाक ऐकू येते. रोज प्रवासी ने-आण करणाऱ्याला किंवा वर्षभर मासेमारी करणाऱ्याला मी तेच सांगितले असते. पण आपले इंजिन वर्षातले बहुतेक महिने तालमीच्या खोलीत पडून राहणार, आणि लागेल तेव्हा ट्रॉलीत आडवेतिडवे टाकून नेले जाणार. फोर-स्ट्रोकमध्ये खाली वेगळे तेल असते. ते चुकीच्या कुशीवर आडवे ठेवले तर तेल सिलिंडरमध्ये जाते आणि नेमक्या वेळी इंजिन सुरू होत नाही किंवा धुराचा लोट सोडते. टू-स्ट्रोकला ही अडचण नाही. बोट उलटून इंजिन पाण्यात बुडालेच, तर टू-स्ट्रोकचे प्लग काढून, दोरी ओढून आतले पाणी बाहेर फेकून, कार्बोरेटर कोरडा करून ते पुन्हा चालू करण्याची बरी शक्यता असते, आणि हे काम मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्या जाणत्या मिस्त्रीलाही समजते. याला किंमत द्यावी लागते ती पेट्रोलची. पूर्ण वेगाने चालणारे १५ एचपीचे फोर-स्ट्रोक तासाला पाच-सहा लिटर घेते. जुन्या पद्धतीचे टू-स्ट्रोक त्याहून जास्त घेते. वर्षातून थोडेच दिवस चालणाऱ्या इंजिनाला हा फरक सोसवतो.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावे लागते आणि घोटाळे इथेच होतात. नेहमीचे प्रमाण ५० ला १ असते, म्हणजे दहा लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर ऑइल; नव्या इंजिनाला पहिले काही तास जास्त ऑइल लागते आणि तो आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. ऑइल ‘टीसी-डब्ल्यू३’ दर्जाचे, बोटीच्या इंजिनासाठीचेच घ्यावे. जुन्या मोटरसायकलींचे ऑइल हवेने थंड होणाऱ्या, खूप तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले असते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ते नीट जळत नाही आणि काजळी धरते. तालमीत कोणीही उठून टाकी भरेल अशी व्यवस्था ठेवू नये. दोन ठरलेल्या माणसांनीच मिश्रण करावे आणि कॅनवर तारीख लिहावी.

तारीख का, तर आता आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते बनवतात, तेव्हा त्याच्याबद्दल वाईट बोलणे जिवावर येते. पण बोटीच्या इंजिनांच्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचीच मुभा देतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जूनमध्ये भरलेली टाकी ऑगस्टच्या दमट हवेत उघडली आणि इंजिन दोन मिनिटे चालून बंद पडले, तर दोष बहुधा तिथे असतो. म्हणून इंजिन घेताना विक्रेत्याला या पेट्रोलबद्दल स्पष्ट विचारून उत्तर लिहून घ्यावे, पेट्रोल ताजे घ्यावे, मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि काम संपल्यावर पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. उरलेले मिश्रण मोटरसायकलच्या टाकीत ढकलून देण्याचा मोह टाळावा.

आता शाफ्टची लांबी. बोटीच्या मागच्या फळीची उंची वरच्या कडेपासून तळापर्यंत टेपने मोजावी. ती ३८ सेंटिमीटरच्या आसपास भरली तर शॉर्ट शाफ्ट आणि ५१ च्या आसपास भरली तर लाँग शाफ्ट लागतो. लहान रबरी बोटींना बहुतेक वेळा शॉर्ट शाफ्ट असतो. इंजिन बसवल्यावर पंख्याच्या वर जी आडवी सपाट पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्याखाली जेमतेम एक इंच यावी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि नुसताच गरगरतो. फार खाली गेली तर इंजिन ओझ्यासारखे पाणी ओढत चालते. गावात शिरलेल्या पाण्यात तर जास्तीचे पाच इंच म्हणजे बुडालेले कुंपण, विहिरीचा कठडा आणि गोठ्याची भिंत यांना धडकण्याची खात्रीच. कोकणातल्या मच्छीमार होड्यांच्या फळ्या उंच असल्यामुळे तिथली जुनी इंजिने बहुधा लाँग शाफ्टची असतात, आणि आपल्याला स्वस्तात मिळणारे इंजिनही तसेच असण्याची शक्यता मोठी आहे.

त्या जुन्या इंजिनाबद्दल माझा दुसरा आक्षेप खाऱ्या पाण्याचा आहे. ही इंजिने बाहेरचे पाणी आत ओढून स्वतःला थंड करतात. समुद्रात चाललेल्या इंजिनाच्या आतल्या बारीक वाटांत मीठ साठते आणि ॲल्युमिनियम कुरतडले जाते. बाहेरून रंग मारला की त्यातले काहीच दिसत नाही. तरीही वर्गणीचा हिशेब जमत नसेल आणि १५ एचपीचे जुने इंजिन पाहायचेच ठरले, तर ते असे पाहावे. मालकाला आधीच सांगावे की इंजिन तापवून ठेवू नका, आम्हाला गार इंजिन सुरू होताना पाहायचे आहे. दोनशे लिटरचे पिंप पाण्याने भरून त्याच्या काठावर फळी बांधून इंजिन बसवावे, आणि पंख्यावरची ती आडवी पट्टी पूर्ण बुडाली आहे ना ते पाहावे. पाण्याबाहेर इंजिन सुरू करू देऊ नये. आतला पाणी ओढणारा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की पाहता पाहता जळतो. सुरू झाल्यावर इंजिनाच्या मागून किंवा बाजूने पाण्याची बारीक धार बाहेर पडली पाहिजे. ती सलग आणि जोरात हवी. धार तुटक असेल तर बाहेरच्या भोकात तार घालून पाहावे. त्यानेही सुधारली नाही तर इम्पेलर गेला आहे किंवा वाटा मिठाने भरल्या आहेत. पहिला दोष स्वस्तात दुरुस्त होतो, दुसरा नाही. धार हाताला कोमट लागावी, चटका बसता कामा नये.

मग इंजिन बंद करून खालच्या गिअरच्या भागाचा तळाचा स्क्रू जरासा सैल करावा आणि बोटावर थेंबभर ऑइल घ्यावे. ते स्वच्छ किंवा नुसते काळपट असेल तर चालेल. दुधाळ, चहासारखे दिसले तर सील गेले आहे आणि आत पाणी शिरले आहे. पंखा हाताने फिरवताना शाफ्ट वाकडा तर नाही ना, हे पंख्याच्या एका पात्याच्या टोकाशी पेन्सिल स्थिर धरून पाहावे. झिंकचा तुकडा, जो गंज स्वतःवर ओढून घेण्यासाठी बसवलेला असतो, तो रंगवून टाकलेला दिसला तर मालकाला या इंजिनाची समज नव्हती असे समजावे, कारण रंग मारलेला झिंक काम करत नाही. एवढे पाहू द्यायला जो तयार नसेल त्याच्याकडून काही घेऊ नये.

पंख्याच्या बाबतीत विक्रेत्याला ‘भार ओढायचा आहे, वेग नको’ असे सांगून कमी पिचचा (एका फेऱ्यात बोट कमी पुढे नेणारा) पंखा मागावा, आणि त्याच्याबरोबर दुसरा एक पंखा, तो शाफ्टवर अडकवणाऱ्या पिना आणि त्या बसवण्याचा पाना बोटीत कायम ठेवावा. आपल्या पाण्यात पंख्याचे शत्रू पुष्कळ आहेत. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, तर आहेच. शिवाय वाहून आलेला उसाचा पाला, ठिबकच्या नळ्या, वैरणीचे दोर आणि काटेरी तारा. केंदाळ आणि पाला पंख्यात अडकतोच, पण पाणी ओढायच्या जाळीवरही बसतो, आणि मग पंखा फिरत असूनही इंजिन तापते. म्हणून चालवणाऱ्याने मागे वळून पाण्याची धार पाहण्याची सवयच लावून घ्यावी. पंख्याभोवती बसवायचे लोखंडी कडे किंवा जाळी मिळत असेल तर जरूर बसवावी. त्याने थोडी शक्ती वाया जाते. ती जाऊ द्यावी, कारण आपली बोट पाण्यात पडलेल्या माणसांजवळ जाणार आहे. अशा माणसाजवळ नेहमी खालच्या अंगाने, प्रवाहाला तोंड देत जावे, म्हणजे बोट ताब्यात राहते, आणि तो हाताच्या टप्प्यात आला की इंजिन बंदच करावे. न्यूट्रलवर भरवसा ठेवू नये. इंजिनाबरोबर येणारी लाल गुंडाळीची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असलीच पाहिजे. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबते. ही दोरी अडचणीची वाटते म्हणून इंजिनाला कायमची गुंडाळून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत; तसे करणाऱ्याच्या हातात आपण दांडा देऊ नये.

एवढी सगळी तयारी करूनही या बोटीची हद्द कोणती, हे तालमीने ठरवून घ्यावे. गावात आणि शेतात शिरलेले पाणी बहुतांशी फुगीचे, म्हणजे तुंबून मागे पसरलेले असते, संथ असते, आणि १५ एचपीची ही बोट तिथे उत्तम काम करील. नदीचे मूळ पात्र ही तिची जागा नाही. विशेषतः आपल्याकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पुरात पाण्याखाली जातात आणि वरून पाहणाऱ्याला पाण्याची एक गुळगुळीत घडी तेवढी दिसते. त्या घडीच्या खालच्या अंगाला पाणी उलटे, बंधाऱ्याकडे फिरत असते आणि त्यात सापडलेली बोट किंवा माणूस पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. कोणत्याही एचपीचे इंजिन घेऊन तिथे जाऊ नये. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला इंजिन बंद पडले तर हाती असतात ते दोन वल्ही आणि एक नांगर, म्हणून लांब दोर बांधलेला नांगर बोटीत पुढच्या बाजूला, हाताशी मोकळा असावा. पोत्याखाली दडलेला नव्हे. आणि इंजिन बंद पडले की दोरी ओढत बसण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते पाहावे. इंजिन बंद पडण्याचे याहून किरकोळ आणि याहून नेहमीचे कारण दुसरे नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगायचे तर इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ प्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या नौकेला पाहणी आणि नोंदणी लागते, आणि महाराष्ट्रात हा विषय महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे येतो. इंजिनाचे बिल आणि क्रमांक जपून ठेवावेत. त्याबरोबरच तहसील कार्यालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात बोटीची आणि चालवणाऱ्यांची नावे आधीच देऊन ठेवावीत, म्हणजे पुराच्या वेळी आपली बोट त्यांच्या नियोजनात धरली जाईल आणि आपली पोरे परस्पर पाण्यात उतरणार नाहीत. राधानगरीच्या जलाशयात सरावाला जाण्याचा बेत कोणी काढला तर तो अभयारण्याचा भाग आहे हे सांगून थांबवावे.

वर्गणीचे सगळे पैसे इंजिनात घालू नयेत. बोटीत जितकी माणसे बसणार तितकी जॅकेटे, लहान मुलांच्या मापाची दोन-तीन वेगळी, हातपंप आणि ठिगळाचे साहित्य यांची तरतूद आधी बाजूला काढावी. त्यानंतर उरलेल्या रकमेत नवे १५ एचपी बसत नसेल आणि जुनेही चांगले मिळत नसेल, तर या वर्षी ९.९ एचपीचे नवे इंजिन घ्यावे आणि एका फेरीत दोनच पूरग्रस्त आणावेत. इंजिन घरी आल्यावर मेच्या अखेरीस ते पिंपात चालवून पाहावे, आणि मग पाऊस सुरू झाल्यावर दर पंधरा दिवसांनी, वेगवेगळ्या माणसाच्या हातून. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ ला पोचण्याआधीच बोटीत हवा भरलेली, टाकी ताज्या मिश्रणाने भरलेली आणि इंजिन एकदा सुरू करून पाहिलेले असावे.